आईची गाणी आणि हरवलेला फॉन्ट

मंडळी, आज अगदी थकून गेले.

परवा आमच्याकडे भोंडला आहे. आईनं स्वतः रचलेली गाणी छापून घ्यायला जुनी फ्लॉपी घेऊन दिलसुखनगरच्या बाजारात गेले. डीटीपीवाल्यानं फाइल उघडली, तर स्क्रीनभर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं.

“फॉन्ट किधर है अम्मा? बिना फॉन्ट के नै दिखता.”

फॉन्ट आमच्या जुन्या कॉम्प्युटरबरोबर भंगारात गेला. अशा जुन्या फाइलमध्ये इंग्रजी अक्षरंच असतात, मराठी रूप फॉन्ट देतो, हे आज कळलं.

घरी येऊन आईला म्हटलं, “तू सांग, मी पुन्हा टाइप करते.” दुसऱ्याच गाण्यात ती अडली.

पुढच्या ओळीसाठी तिनं माझ्याकडे पाहिलं. मी स्क्रीनकडे.

तुमच्या घरातली गाणी कुणाला पाठ आहेत?