उशिराची उडी

मावशी गाडी चालवायला शिकवते. तिच्या बाजूला स्टिअरिंग नाही, फक्त ब्रेक आहे. तो दाबताना ती तोंडही बंद ठेवत नाही. "समोर बघा, डॉक्टर! आरसा मागचं बघायला आहे, भांग पाडायला नाही," असं ती एका दंतवैद्याला भर चौकात म्हणाली होती. दंतवैद्य दुसऱ्या दिवशीही आला. आरशाकडे मात्र त्याने बघितलं नाही, म्हणून पुन्हा बोलणी खाल्ली.

शिकायला येणारी माणसं उशिरा येतात. तोवर गाडीत नुसतं बसून मावशी वैतागायची, म्हणून भाचीने तिच्या फोनवर एक खेळ घालून दिला. एक चौकोनी ठोकळा आपला आपण पळत असतो. तो थांबत नाही. मागे गाणं वाजतं. गाण्याच्या ठोक्यावर बोट दाबलं की ठोकळा उडी मारतो. काट्याला लागला की मेला, पुन्हा पहिल्यापासून. या खेळातल्या लेव्हल, म्हणजे ठोकळ्याच्या काट्याकुट्यांच्या वाटा, खेळणारेच बनवतात आणि सगळ्यांसाठी टाकतात.

मावशीला खेळाचं वेड लागलं. त्याहून जास्त आला राग. वाईट लेव्हल खेळली की तिच्या मस्तकात तिडीक जायची. मग ती खाली लिहायची. "वळणाची पाटी वळण संपल्यावर लावणाऱ्या माणसाने ही लेव्हल बनवली आहे." किंवा, "काटा झगमगाटामागे लपवला आहे. याला अवघड म्हणत नाहीत, दगाबाजी म्हणतात." तिचा नियम एकच होता. ठोकळा मेला की खेळणाऱ्याला कळलं पाहिजे, चूक आपली होती. चूक बनवणाऱ्याची असेल तर लेव्हल फुकट.

तिची ही गाडीची भाषा वाचून लोक तिला ब्रेकवाली म्हणू लागले. आधी चिडून, मग धाकाने. शेवटी स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाने तिला परीक्षकच करून टाकलं.

भाची त्याच घरात वरच्या खोलीत राहायची. कॉलेज संपलं होतं, नोकरी लागत नव्हती. तिने स्वतः गिटारवर एक धून वाजवली आणि तिच्यावर लेव्हल बांधली. वर्षभर खपली. मावशीला बजावलं, "तू एक शब्द लिहायचा नाहीस. घरातलं माणूस आहेस." मावशी ती गपचूप खेळली, पुन्हा पुन्हा खेळली, आणि जीभ चावून गप्प राहिली. बाकीचे गप्प राहिले नाहीत. "झोप आली." "तान्ह्या बाळांसाठी आहे का?" भाचीने लेव्हल काढून टाकली. खोलीचं दारही तेव्हापासून लोटलेलं राहू लागलं.

स्पर्धेत यंदा गाजत होती ती सम्राटची लेव्हल. सम्राट हे त्याने स्वतःच घेतलेलं नाव. मोठा गाजलेला गडी. विजा, ज्वाळा, ढोलांचा दणदणाट. मावशी स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी ती खेळायला बसली. समोर बहीण, भाचीची आई, मटार सोलत होती. ठोकळा मधेच मेला. पुन्हा तिथेच मेला. मावशीचं बोट असं चुकत नाही. तिने ताडकन लिहून टाकलं, "मधली एक उडी ठोक्याच्या मागे आहे. बाकी सगळं चोख, मग हीच का घसरली? बनवताना डुलकी लागली का?"

"तो ढणढणाट बंद कर गं," बहीण म्हणाली. "डोकं उठलं माझं."

मावशीने आवाज बंद केला आणि पुन्हा खेळली. ठोकळा एका दमात शेवटपर्यंत गेला. तिला पटेना. पुन्हा खेळली. पुन्हा गेला.

"पोरीचं गाणं का गुणगुणतेस?" बहिणीने विचारलं.

मावशीचं बोट थांबलं. आपण गुणगुणतोय हे तिला माहीतच नव्हतं. बोट भाचीच्या धुनेवर पडत होतं. विजा नव्या होत्या, ढोल नवे होते. उड्या भाचीच्या होत्या.

ती जिना चढून वर गेली. दार ढकललं.

"माहीत आहे मला," भाची म्हणाली. "पहिल्या दिवशीच ओळखली. मी सगळ्यांना उतरवून घ्यायची मोकळीक ठेवली होती. त्याने घेतली."

"आणि तू मूग गिळून बसलीस?"

"माझी होती तेव्हा लोकांना झोप येत होती, मावशी. त्याची झाल्यावर जाग आली. मी काय बोलू?"

मावशीने तिथूनच मुख्य परीक्षकाला फोन लावला.

"ताई, गाणं वेगळं, रंग वेगळे," तो म्हणाला. "उड्यांवर कोणाचं नाव लिहिलेलं असतं का?"

"माझी गाडी रंगवून तुम्ही दारात लावलीत तर ती तुमची होते का?"

"पुरावा आहे का काही?"

"ती उशिराची उडी! भाचीच्या धुनेत ती बरोबर बसते. त्याच्या ढोलांत बसत नाही."

"कुठली उडी? मी आत्ताच खेळलो. सगळं ठोक्यावर आहे."

मावशीने लेव्हल उघडली. उडी सरकवलेली होती. खाली सम्राटने लिहिलं होतं, "ब्रेकवाली ताईंचे मनापासून आभार. तुमच्यामुळे लेव्हल सुधारली."

मावशी पलंगावर बसली. चोराच्या पावलांचे ठसे तिने स्वतःच दाखवले होते, आणि त्याने ते पुसून टाकले होते. वर आभार! "निर्लज्ज," ती म्हणाली. "आणि मी मूर्ख."

भाचीने तिच्या हातातून फोन घेतला. खेळली. मधल्या उडीपाशी तिचा चेहरा बदलला.

"ही कोणी हलवली?"

"त्यानेच. माझं वाचून."

"ती चूक माझी होती," भाची म्हणाली. आता तिचा आवाज चढला होता. "मी वाजवत होते तेव्हा बाबांनी दार उघडलं. मला वाटलं, आता टिंगटिंग बंद कर म्हणणार. ते काही बोलले नाहीत. उभे राहून ऐकत राहिले. पहिल्यांदा. मी वर बघितलं आणि बोट उशिरा पडलं. मी ते मुद्दाम तसंच ठेवलं. उडीही उशिरा ठेवली. बाकी सगळं नेलं ते नेलं. ही सुधारणारा तो कोण?"

तिने कॉम्प्युटर ओढला. जुनी लेव्हल जशीच्या तशी परत टाकली आणि खाली लिहिलं, "यातली मधली उडी उशिरा आहे, कारण वाजवताना माझं बोट उशिरा पडलं. पहिल्या दिवशी सम्राटच्या लेव्हलमध्ये तुम्ही कुठे मेलात, आठवून बघा."

आधी शिव्या आल्या. सम्राटची नक्कल म्हणून भाचीलाच चोर ठरवलं. मावशी एकेकाला उत्तर द्यायला सरसावली, पण भाचीने तिचा हात धरला. "तू नको. मी बघते." मग कोणीतरी लिहिलं की तोही तिथेच मेला होता. मग आणखी कोणी. पहिल्या दिवशी तर झाडून सगळे तिथेच मेले होते. आणि भाचीच्या गाण्यावर त्याच जागी बोट आपोआप बरोबर पडत होतं.

मुख्य परीक्षकाचा फोन आला. सम्राटची लेव्हल 'तांत्रिक कारणाने' मागे घेतली होती.

"चोरीला तांत्रिक कारण म्हणतात?" मावशी म्हणाली. "आणि पोरीची माफी?"

"ताई, तुम्ही तिच्या मावशी आहात हे आम्हाला सांगितलं नव्हतं. तुम्हालाही परीक्षक म्हणून ठेवता येणार नाही."

"म्हणजे चोराला कारण, आणि मला नारळ?"

त्याने फोन ठेवला. मावशी बराच वेळ त्या बंद फोनला बोलत होती. बहिणीने खालून विचारलं, "कोण आहे गं?" तेव्हा कुठे ती थांबली.

मग ती भाचीशेजारी खुर्ची ओढून बसली आणि लिहू लागली.

"काय लिहितेस?" भाची म्हणाली. "घरातलं माणूस आहेस तू."

"आता परीक्षक नाही ना मी. मला कोण अडवणार?" तिने लिहिलेलं मोठ्याने वाचलं. "अगदी शेवटाजवळ झाडाच्या फांदीमागे एक काटा आहे. तो दिसत नाही. खेळणाऱ्यावर हा सरळ अन्याय आहे."

"मावशी! ती सजावट आहे!"

"सजावट असेल. मी तिथे मेले."

"तू सोडून कोणी मेलं नाही."

"तेवढ्या पुढे गेलंय कोण? त्यांना झोप आली होती ना?"

भाचीने रागाने तिच्याकडे बघितलं. मावशीने नजर हटवली नाही. शेवटी भाचीने कॉम्प्युटर स्वतःकडे वळवला.

"कुठली फांदी?" तिने विचारलं.