गाद्यांच्या खोलीतली मोटर

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नंतर चहा सांडेल. आणि अर्ध्यात थांबवून "पण असं कसं केलं तुम्ही?" असं विचारायचं नाही. ते मलाच अजून कळलेलं नाही!

आमचं घर इचोड्याला. बांधलं तेव्हा रस्त्यापेक्षा चांगलं उंच होतं हो, शपथ! पण दर निवडणुकीला रस्त्यावर नवा थर पडतो. रस्ता वर वर, आम्ही खाली खाली. आता मागच्या खोलीत जायला पायऱ्या उतराव्या लागतात, आणि पाऊस आला की पाणीही त्याच पायऱ्यांनी उतरतं. बिनदिक्कत, घरच्यासारखं.

यंदा आमच्या पल्लवीचं लग्न ठरलं. मुहूर्त वैशाखातला, सोयरे मुधोळचे. लेकीसाठी मी आमच्याच शेतातल्या निवडक कापसाच्या गाद्या भरून घेतल्या होत्या. बाकी काय द्यायचं ते देऊ, पण गादी अशी हवी की आडवं होताच माणसाला झोप लागावी, ही माझी हौस! वरच्या घरात पाहुणे, लाडू आणि पापड. मग गाद्या ठेवल्या मागच्या खोलीत, पलंगावर.

"अन् अवकाळी आला तं?" आमच्या ह्यांनी विचारलं.

झालं, माझी झोप उडाली. त्या गाद्यांसाठीच मोटर आणली. खोलीच्या कोपऱ्यात खड्डा खणला, खड्ड्यात पंप, वर फळीवर बॅटरी, आणि पाइप खिडकीतून बाहेर नालीत. बॅटरी कशाला म्हणाल, तर आमच्याकडे आभाळाचा रंग बदलला की लाइट जाते. थेंब नंतर पडतो.

बसवायला आला मल्लन्ना. माणूस तेलुगू. तो माझ्याशी हिंदीत बोलतो, मी त्याच्याशी मराठीत, आणि आमचं झकास जमतं. त्यानं खड्ड्यात बादलीनं पाणी ओतलं. पंपाला वायरीनं जोडलेला एक काळा फुगा पाण्याबरोबर वर आला आणि मोटर आपोआप घरघरली.

"देखा अक्का? पानी आया, फुगा उठा, मोटर चालू. आपको कुछ नहीं करना।"

कुछ नहीं करना? मला? घरात नवी वस्तू आली आणि पूजा नाही? अहो, आमच्याकडे मिक्सरलाही हळदकुंकू लागल्याशिवाय चटणी वाटली जात नाही! मल्लन्ना उटनूरच्या कामावर पळाला आणि मी ताट घेऊन खाली उतरले. कुंकू लावलं, नारळ फोडला, लिंबू-मिरची टांगली. शेवटी लाल-पिवळा नाडा. आता नाडा बांधायचा म्हणजे कसा, मनापासून बांधायचा. पंपाला घट्ट वेढे दिले. तो मेला फुगा इकडेतिकडे लोंबत होता, बरा दिसेना, म्हणून त्यालाही पंपाशी आवळून टाकलं. वर अशी गाठ मारली की सोडणाऱ्यानं दात लावावेत.

"कशी नवरीवानी दिसून राह्यली!" मी म्हटलं.

"नवरीले बांधून काऊन टाकलं मंग?" हे म्हणाले.

मी लक्ष दिलं नाही. ह्यांना पूजेतलं काय कळतं?

लग्न आठवड्यावर आलं, आणि भर दुपारी आभाळ फाटलं. लाइट गेली. पाणी पायऱ्या उतरून आलं, खड्डा भरला, आणि मोटर? ढिम्म!

"अहो, मोटर बोलून नाई राह्यली!"

"तुह्यासमोर कोणाची हिंमत हाय बोलाची?"

मी मल्लन्नाला फोन लावला.

"अक्का, बैटरी पे कौनसी बत्ती है?"

"हिरवी!"

"तो बैटरी बढ़िया है। पाइप में कचरा फँसा होगा, निकाल के देखो।"

मी खिडकीतून पाइप आत ओढला. तोंड लावून गाल दुखेपर्यंत फुंकला. खड्ड्यात नुसती बुडबुड. पाइप साफ! दिला फेकून पलंगावर, आणि पुन्हा फोन.

"मल्लन्ना, पूजा केलेली मोटर हाय! आमच्याकडून काई कसर नाई राह्यली. तूच खराब माल देला!"

पाणी घोट्यापर्यंत आलं. सगळे पाहुणे पायऱ्यांवर गोळा झाले. गाद्या वर न्यायच्या तर जिना माणसांनी भरलेला, आणि वर नेऊन ठेवणार कुठं, लाडवांवर?

"आई, जाऊ दे नं गाद्या," पल्लवी म्हणाली.

तिच्या त्या 'जाऊ दे'नं मात्र मला रडूच आलं. खरं सांगते, डोळे भरले. वर्षभर एकेक बोंड निवडून ठेवलं होतं हो मी!

पदर खोचला आणि खड्ड्यात हात घातला. म्हटलं, मशीन तरी हलवून बघू. हाताला काय लागावं? नाडा! आणि नाड्याखाली, पंपाच्या पोटाशी, जीव खाऊन वर यायला धडपडणारा फुगा!

मी वर पाहिलं. सगळे माझ्याकडे बघत होते.

"काय हाय?" ह्यांनी विचारलं.

"काई नाई. कचरा हाय. चाकू द्या."

चाकू आला. मी नाडा कापला. फुगा टुणकन वर, आणि मोटर अशी गरजली की मी टाळ्याच पिटल्या! "चालू झाली! चालू झाली!"

आणि पाइप? पाइप कुठं होता?

पलंगावर! त्यानं एकदा फणा काढला आणि अख्खा खड्डा माझ्या गाद्यांवर ओकला. गढूळ पाणी, वर पूजेचं कुंकू. मी धावले, पाइप धरला, आणि घाईत तो खिडकीकडे फिरवायचा सोडून फिरवला पायऱ्यांकडे. सगळे पाहुणे न्हाले! शेवटी ह्यांनी माझ्या हातातून पाइप हिसकून खिडकीबाहेर काढला.

मोटर मात्र खणखणीत. बघता बघता खोली कोरडी झाली. खोलीत ओलं असं काही उरलंच नाही, गाद्या सोडून.

तेवढ्यात मल्लन्ना उटनूरहून भिजत आला. चालती मोटर पाहून त्याची छाती फुगली.

"मैं बोला था ना अक्का, कचरा था?"

"हो रे बाबा," मी म्हटलं. "मोठा कचरा होता."

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. रस्त्याकडेच्या भिंतीवर गाद्या वाळत घातल्या, पांढऱ्याशुभ्र कापडावर कुंकवाचे ओघळ. आणि नेमके तेव्हाच कोण यावं? मुधोळचे इवाई, म्हणजे पल्लवीचे होणारे सासरे, जोडीनं!

"गाद्या काऊन वल्या हाय?" त्यांनी विचारलं.

"आमच्याकडं धुऊनच देतात," हे तोंडावरची माशी न हलवता म्हणाले. "रीत हाय."

विहीणबाईंनी गादीवर हात ठेवला आणि पदराला पुसला. मला धरणी दुभंगावी असं झालं. मग मी सगळं सांगून टाकलं, अगदी नाड्यापासून. इवाई पोट धरधरून हसले. मग डोळे पुसत, अगदी गंभीर होऊन म्हणाले, "पण इहीनबाई, पाणी तं आमच्या बी घरात शिरते. खरं सांगा, मशीन कशी हाय?"

"एक नंबर हाय," मी म्हटलं. "बिनघोर आना. फक्त आमाले सांगू नका, नाई तं मी पूजेले येईन."