अळीचं भाकीत आणि सगळ्यांचा एकच पासवर्ड

गुलाबी बोंडअळीनं कापूस पोखरला त्या वर्षांत मी यवतमाळच्या एका कृषी केंद्रात संगणक सहायक होतो. घर दारव्ह्याजवळ, वडिलांची शेती कापसाचीच. त्यामुळे हवामानावरून अळीचं भाकीत करणारं सॉफ्टवेअर बसवायचा हुकूम केंद्राला आला आणि ते काम माझ्याकडे आलं, तेव्हा घरात माझा मान एकदम वाढला. आई शेजारणीला सांगायची, “आमचं पोरगं अळ्याइचं पंचांग काढून राह्यलं.”

हे सॉफ्टवेअर माझ्या टेबलावरच्या संगणकाला झेपणारं नव्हतं. त्यासाठी दूरच्या एका विद्यापीठात पुष्कळ संगणक एकत्र जोडून ठेवले होते. त्याला क्लस्टर म्हणत. आम्ही इंटरनेटवरून त्यावर काम करायचं. क्लस्टर सांभाळणाऱ्या गृहस्थांनी कापसावर काम करणाऱ्या सगळ्यांना मिळून एकच लॉगिन आणि एकच पासवर्ड दिला होता. वेगवेगळे दिले की लोक विसरतात आणि फोन करतात, आणि फोन त्यांना आवडत नसत.

सॉफ्टवेअरला गणिताची एक जुनी लायब्ररी, म्हणजे तयार गणितं करून देणाऱ्या फाइलींचा संच, लागायची. ती टाकली, सॉफ्टवेअर चालू झालं. केंद्रप्रमुख साहेबांनी स्वतः येऊन पडद्याकडे बघत फोटो काढून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी एरर: लायब्ररीची आवृत्ती जुळत नाही. बघतो तर जुनीच्या जागी नवी लायब्ररी. मी पुन्हा जुनी टाकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

क्लस्टरवाल्यांना फोन केला.

“रीस्टार्ट केलं का?” ते म्हणाले.

“माझा संगणक की तुमचा क्लस्टर?”

“कोणताही करून बघा.”

साहेबांच्या मते मशीनला नजर लागली होती. खंडेनवमीला त्यांनी माझ्या संगणकाला हार घातला आणि कीबोर्डला सढळ हातानं हळदकुंकू वाहिलं. त्यानंतर एरर तर येतच राहिली, वर एंटरचं बटण अडकायला लागलं. शेवटी साहेबांनी एक समन्वय समिती नेमली. तिची बैठक कधी घ्यायची यावर बरेच दिवस चर्चा चालली.

वैतागून मी क्लस्टरवरच्या लायब्ररीच्या फोल्डरमध्ये एक रिकामी फाइल बनवून ठेवली. तिचं नावच दिलं, ‘हात लावू नये’. दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारी दुसरी रिकामी फाइल होती. तिचं नाव, ‘काहून?’

‘का’ विचारणारा आमच्याकडचा तो एक शब्द वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. हा व्हायरस नव्हता. व्हायरस ‘काहून’ म्हणत नाही. हे कोणीतरी आपल्याच भागातलं होतं. मी माझा फोन नंबर नाव म्हणून देऊन तिसरी फाइल ठेवली. दुपारी फोन आला. पलीकडे एक मुलगी होती.

“हात लावू नये, हे तुमीच लिवलं काय?”

“हो. आणि काहून विचारणाऱ्या तुम्ही?”

“मंग काय करू? मी रोज नवी लायब्ररी टाकून राह्यली, अन् दुसऱ्या दिवशी पाहा त जुनीच!”

“ती जुनी मीच टाकतो.”

ती हसत सुटली. “म्हणजे इतके दिवस आपण एकमेकाचंच काम मोडून राह्यलो बापा!”

ती मूळची आमच्याच जिल्ह्यातल्या मुकुटबनची. त्याच विद्यापीठात अळीवर पीएच.डी. करत होती. तिच्या सॉफ्टवेअरला नवी लायब्ररी लागायची, माझ्या सॉफ्टवेअरला जुनी. तिच्या गाइडनी तर हे परदेशी हॅकरचं काम ठरवून टाकलं होतं. आम्ही फोनवरच दोन वेगळे फोल्डर केले, ज्याची लायब्ररी त्याच्या फोल्डरात. भाऊ वेगळे निघाले की चुली वेगळ्या होतात, तसंच. चहा थंड व्हायच्या आत दोघांचीही सॉफ्टवेअरं चालू झाली.

मी धावत जाऊन साहेबांना सांगितलं. त्यांचा चेहरा पडला.

“अरे, मग समितीत काय बोलायचं? बैठक होईपर्यंत दुरुस्त झालं म्हणून सांगू नको कोणाले.”

बैठक झाली. समितीनं वेगळे फोल्डर करावेत अशी शिफारस केली, साहेबांचं अभिनंदन केलं, आणि मग मला भाकीत चालवायची परवानगी मिळाली. निकाल आला: अळीचा जोरदार प्रादुर्भाव होणार. मी घाईघाईनं घरी फोन लावला. वडील कापसाची पऱ्हाटी उपटत होते.

“बाबा, अळी येणार आहे.”

“आली ना बावा,” ते शांतपणे म्हणाले. “जेवूनही गेली.”

त्यांनीच माझी समजूत काढली, तू जेवला काय म्हणून विचारलं आणि फोन ठेवला. तिकडे साहेबांनी जिल्ह्याच्या सभेत जाहीर केलं की आमच्या केंद्राचं भाकीत शंभर टक्के खरं ठरलं. टाळ्या पडल्या. कोणी तारीख विचारली नाही.

पुढच्या हंगामात मी पोळ्याच्या आधीच भाकीत काढलं. मुकुटबनच्या त्या मुलीनं ते तपासून दिलं. साहेबांच्या सहीसाठी ते टेबलावर पडून राहिलं, पण मी फोनवरून वडिलांना आधीच सांगून टाकलं होतं. त्यांनी शेतात अळीचे पतंग वासानं ओढून घेणारे कामगंध सापळे लावले. धुऱ्यापलीकडचे, शेजारच्या शेतातले काका हसले, “पोरानं सांगतलं म्हून डब्बे टांगून राह्यला काय?” सापळ्यात पतंग पडायला लागले तेव्हा काका बाजारातून आपल्यासाठीही सापळे घेऊन आले, आणि कसे बांधायचे ते विचारायला संध्याकाळी आमच्या घरी येऊन बसले.