शुक्रवारी लागलेला बोर्ड

भुताखेतांच्या गोष्टी मी वाचतसुद्धा नाही. वीस वर्षं नोंदी ठेवायचं काम केलं. जे मोजता येत नाही त्यावर बोलायचं नाही, हा स्वभाव. तरी लिहितोय... कारण राग अजून गेलेला नाही.

साल २००७. वडप्याला आमच्या मालकाचं गोडाऊन. गेटजवळ काचेच्या पेटीत कॉम्प्युटरचा मोठा बोर्ड — माल चढवा-उतरवायला कुठला ट्रक कुठल्या डॉकला लावायचा, ते त्यावर दिसायचं. काल्हेरच्या ऑफिसातून, नेटवरून तो चालू-बंद करायचं काम माझं. सकाळी साडेआठला चालू, संध्याकाळी सातला बंद. शुक्रवारी भारनियमन, नऊ ते पाच वीजच नसायची, म्हणून बोर्ड पूर्ण दिवस बंद.

बोर्ड लागला की हमाल गेटकडे पळायचे. आधी पोचेल त्या टोळीला हलका माल, असा त्यांचा आपसातला नियम.

त्या शुक्रवारी बोर्डाच्या यूपीएसची बॅटरी बदलायला मी गेटवर होतो. जुनी काढून टेबलावर ठेवलेली, नवी अजून खोक्यात. जनरेटर नव्हताच. दुपारचे एक चाळीस. अकरा हमाल चार नंबर डॉकच्या पत्र्याखाली जेवून पडलेले.

आणि बोर्ड लागला.

गेटवरचे वॉचमन बाळाराम, दिघाशीचे, मला म्हणाले, "लाईट आली काय, साहेब?" डोक्यावरचा पंखा बंदच होता. तोवर अकराही जण एकमेकांना ढकलत येऊन पोचले. बोर्डावर नुसत्या रिकाम्या चौकटी. "क्या चाचा, नींद खराब करने को लगाया क्या?" एकजण बाळारामना म्हणाला... आणि मागे चार नंबरचा अख्खा पत्रा, त्याला तोलणाऱ्या लोखंडी कैचीसकट, खाली आला. बोर्ड विझला.

त्या पत्र्याचे बोल्ट गंजलेत, असं बाळारामनी गेटच्या वहीत तीनदा लिहिलं होतं. शनिवारी मालकाने तीच वही त्यांच्यापुढे आपटली. पडणार हे तुलाच कसं माहीत? माणसं नेमकी आधी कशी हटवलीस? म्हणजे बोल्ट तूच ढिले केलेस!

मी मधे पडलो. बोर्ड चालू-बंद केल्याच्या लॉगची प्रिंट दाखवली — गुरुवारी सातला बंद, त्यानंतर शुक्रवारभर एकही नोंद नाही. बॅटरी बाहेर होती, मी स्वतः समोर उभा होतो, हेही सांगितलं.

"मग विजेशिवाय लागला?" मालक हसला.

मी प्रिंट घडी करून खिशात घातली आणि बाळारामची नोकरी गेली. पत्रा दुरुस्त का केला नाही, हे त्या खोलीत कुणीच विचारलं नाही. मीही नाही.

शिट्टी टेबलावर ठेवताना ते म्हणाले, "मी हात न्हाय लावला. तुमी पायलंय, साहेब."

पाहिलं होतं. कुणी विचारलं तर आजही तेच सांगेन. बोर्ड लागला कसा, ते मात्र मला विचारू नका.