आमसुलाने घासलेली शिवराई

भिंगकाका माणसाच्या तोंडाआधी हात बघत. "धुतलेस? पुसलेस?" एवढं झाल्यावरच बस म्हणत. रत्नागिरीत कुणाच्या माळ्यावर जुनी नाणी-नोटा निघाल्या की त्यांच्याकडे येत. काका भिंगातून बघून नाण्याच्या पाकिटावर त्याचा दर्जा लिहीत: 'फाइन', 'व्हेरी फाइन'. त्यांचं अक्षर असलं की मुंबईचे व्यापारी नाणं पुन्हा तपासत नसत.

मी शेजारची. इंग्लिश मीडियमची, कुणाशी फारसं न बोलणारी. रविवारी त्यांची नोंदवही लिहायला जायचे, पण काकांना घाबरून असायचे. एकदा पावस गावच्या एका बागायतदाराने चार घड्या घातलेली जुनी नोट खिशातून काढली. "सुपारी तरी याहून बरी ठेवत असाल हो," काका म्हणाले. तो हसला. मला हसायचा धीर झाला नाही.

नाण्यावरच्या काळपट थराला काका जिवापाड जपत. "ती त्याची कातडी गो. ओरबाडायची नाही."

मागच्या वर्षी त्याच बागायतदाराची एक शिवराई, जुनं तांब्याचं नाणं, त्यांनी मला वर्णन लिहायला घरी दिली. अक्षरं लागेनात, म्हणून घरी तांब्याची भांडी घासतात तसं मी तिला आमसूल चोळलं. दोन मिनिटांत ती गुलाबी, लख्ख झाली. कातडीच गेली. चार दिवस जिन्यात काकांची चप्पल वाजली की मी दाराला कडी घालायचे.

रविवारी शिवराई त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी भिंग लावलं, ती उलटसुलट केली. आता ओरडतील म्हणून मी खांदे आवळले.

"छान. कातडी शाबूत आहे." हाताच्या सवयीने त्यांनी पाकिटावर 'व्हेरी फाइन' लिहिलं.

सुटले असं वाटायला हवं होतं. त्याऐवजी मी पाकीट परत त्यांच्यापुढे धरलं.

"काका, मी ती आमसुलाने घासलीय."

"चेष्टा करतेस?"

"नाही हो. नीट उजेडात धरून बघा ना."

"खिडकीतच उभा आहे ना गो मी?"

त्यांनी भिंग खाली ठेवलं. मग हळूच म्हणाले, "आणखी कशाकशाला छान म्हणालो असेन? वही बघ. या महिन्यात किती पाकिटं झाली?"

"एकोणीस."

"लाव फोन. सगळ्यांना."

अनोळखी माणसाला फोन करायची मला धास्ती वाटते. त्या दुपारी मी एकेक नंबर लावत गेले आणि काका सांगत गेले, "माझं लिहिलेलं धरू नका. मला दिसत नाही." पहिल्या फोनला त्यांचा आवाज अडखळला. नंतर सरळ झाला.

शेवटी बागायतदार. "तुमची शिवराई माझ्याकडून खराब झाली," काका म्हणाले. मी तोंड उघडलं, तर त्यांनी बोटाने गप्प बसायची खूण केली.

त्यानंतर त्यांनी पाकिटावर पुन्हा काही लिहिलं नाही.