उंबऱ्याबाहेरचा मामा

दोरमामा आमच्या घराचा उंबरा कधी ओलांडत नसे. यायचा रोज, पण बसायचा पायरीवर. चहा पायरीवर, भाकरी पायरीवर, आणि भाऊबीजेला आई ओवाळणीचं तबक घेऊन बाहेर यायची तीही पायरीवरच. "आत ये की रं दादा," ती दरवर्षी म्हणायची. "हितं वारं लई ग्वाड लागतंय," असं सांगून तो पाय आणखी पसरायचा.

परवा सासरी, जांबे गावातल्या आमच्या फ्लॅटमध्ये माझी मुलगी सुपरहिरोचा सिनेमा बघत होती. मध्येच तिने विचारलं, "आई, हिरोला सगळे डोक्यावर घेतात. मग त्याच्या जोडीदाराला कोणीच घरी बोलवत नाही का?" मी भांडी घासत होते. मला मामा इतका आठवला की नळ बंद करून मी तिथेच खाली बसले.

आमचं गाव मुळशी धरणाच्या काठाला. पाण्यात कोणी बुडालं की बोलावणं यायचं आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना. आबा कमरेला दोर बांधून उडी घ्यायचे. दोराचं दुसरं टोक मामाच्या हातात. तो आईचा चुलतभाऊ, एकटा जीव, आमच्याच गावात येऊन राहिलेला. खरं नाव किसन, पण ते रेशनकार्डापुरतंच उरलं होतं. आबांनी झटका दिला की मामा टाचा रोवून ओढायचा. त्याच्या तळहातांना असे घट्टे पडले होते की चुलीतला निखारा चिमटीत धरून तो विडी पेटवायचा.

माणूस जिवंत निघालं की सगळा गाव आबांभोवती. एकदा त्यांनी कॉलेजच्या दोन पोरांना वाचवलं, तेव्हा चौकात फ्लेक्स लागला. त्यावर ओलेचिंब आबा, त्यांच्या कमरेचा दोर फोटोच्या कडेपर्यंत गेलेला, आणि तिथेच फोटो कापलेला. मी चिडून मामाला तिथे ओढत नेलं. तो बराच वेळ निरखत राहिला. "दोर आलाय की," म्हणाला, "आनि काय पायजे?"

आबांना पाण्याचं भय नव्हतं, पण मेलेल्या माणसाचा चेहरा त्यांना बघवत नसे. लांब जाऊन ओकायचे. गावाला हे ठाऊक होतं, बोलत कोणी नसे. मग देह बाहेर घ्यायचा, झाकायचा, पोलिसांचं उरकलं की जीपमध्ये त्याच्या शेजारी बसून घरी पोचवायचा, हे सगळं मामाचं. "जित्ता निगाला तर दाजींचा, न्हाईतर माजा," असं तो सरळ सांगायचा.

या कामाने त्याला हळूहळू माणसांतून बाहेर काढलं. तोंडावर कोणी काही बोललं नाही. बारशाचं आमंत्रण नेमकं त्याचंच राहून जायचं. हळदीच्या घरी बायका त्याला बघून गप्प व्हायच्या. माझी चुलती तर बाळंतिणीच्या खोलीची खिडकीच लावून घ्यायची. आणि घरातलं कोणी पाण्यात गेलं की हीच मंडळी अनवाणी त्याच्या दारात. मला याचा अजून संताप येतो. मामाला कधी आला नाही, उलट लोकांना संकोच नको म्हणून त्यानेच स्वतःला पायरीवर बसवून घेतलं. त्याचा मला जास्त राग यायचा.

माझ्या लग्नात गुरुजींनी पुकारा केला, "मुलीच्या मामांनी मुलीला आणावं." मामा मांडवाबाहेर, पाण्याच्या टँकरमागे उभा. मी शालू सावरत तिथे गेले.

"पोरी, माज्या हातानं घरला आल्यालं मानूस बगून आजवर कुनी हसलं न्हाई," तो म्हणाला. "तुज्या लग्नात नगं."

माझ्या मागोमाग आबा आले होते. ते मामाच्या समोर उभे राहिले. "किसना, तू दोर धरायचास म्हनून म्या उडी टाकायचो. आज पोरगी चाललीया आनि माजाच पाय उचलंना झालाय. धर तिला."

मामाने माझं मनगट धरलं. दोर धरायची सवय त्या हाताला, दुसरी पकड ठाऊकच नव्हती. मांडवात चार पावलं टाकली नाहीत तोच माझ्या हिरव्या चुड्यातली एक बांगडी कडकन फुटली. अक्षता घेतलेले हात तसेच थांबले. चुलतीने तोंडाला पदर लावला. मामाने झटकन हात सोडला.

आई गर्दीतून पुढे आली. तिने आपल्या हातातली हिरवी बांगडी काढून माझ्या हातात चढवली. "बांगडी वाढलीया, दुसरी भरली," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. मग मामाचा हात उचलून तिने माझ्या मनगटावर ठेवला. "दादा, आता सोडू नगंस."

बोहल्यापर्यंत त्याने सोडला नाही. मला रडू आवरत नव्हतं आणि हसूही येत होतं, कारण मनगट खरंच दुखत होतं.

त्या दिवाळीत मी माहेरी होते. आईने भाऊबीजेचा पाट स्वयंपाकघरात मांडला. मामा उंबऱ्याशी थांबला, चपला काढून भिंतीशी नीट लावल्या आणि आत आला. पाटावर बसून इकडेतिकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "व्हय गं, हितनं पानी दिसतं?" आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून धरण दिसतं, हे त्याला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात तो तापाने गेला. त्या वर्षी भाऊबीजेला मी माहेरी पोचले तेव्हा आईने तबक तयार ठेवलं होतं. पाट मांडलेला होता, खिडकीकडे तोंड करून.