साडूभाऊंचं बिनटॉवरचं जाळं

वाशीम जिल्ह्यात वरण मागण्याआधी स्वतःची ओळख सांगणारा माणूस एकच, आणि तो माझा थोरला साडू. "रसोई, रसोई, मी बैठक. वरण पाठवा, ओव्हर!" ताईने, म्हणजे माझ्या बायकोच्या बहिणीने, आतून नुसतं "आणते" म्हणून भागत नसे. "वरण पाठवते" असा निरोप परत म्हणून दाखवीपर्यंत हे ताटाला हात लावत नसत. फौजेच्या सिग्नल तुकडीतून निवृत्त होऊन शेलूबाजारजवळ शेती करू लागले, तरी गुप्ततेची सवय काही सुटली नाही. बाजारातून कोणती भाजी आणली विचारलं, तरी "ते सांगता येत नाही" म्हणून पिशवी पाठीमागे!

एकाच विषयावर मात्र ते थांबत नसत. नोकरीच्या शेवटी हाती आलेले नवे रेडिओ सेट. "साडूभाऊ, डब्बा तोच, आतलं सॉफ्टवेअर बदललं का सेट दुसरा! अन् हरेक जवानाचा सेट सोताच टॉवर. एक बंद पडला तं निरोप बाजूच्या सेटातून वाट काढते." मी पहिल्यापासून खवचट. "मंग त्याच्यावर क्रिकेट लागते काय?" असं विचारून मी अख्खी पंगत हसवली. त्या दिवशी मला दुसरी पोळी मिळाली नाही.

गेल्या दिवाळीनंतर त्यांची नात चिमी बकरीच्या पिल्लामागे तुरीत शिरली. तूर माणसाच्या डोक्यावर, पलीकडे उघडी विहीर, आणि त्या वावरात फोनला रेंज कधी नव्हतीच. आम्ही सारे "चिमे, चिमे" ओरडत सैरावैरा धावलो. मी तर घाईघाईत बुजगावण्यालाच "पोरगी दिसली काय गा?" विचारून आलो.

तेवढ्यात राखणीच्या मचाणावरून साडूंचा आवाज कडाडला. "सारे गप! तुमच्या कालव्यात पोरीचं रडणं आयकू येईन काय? चिमीची आजी, तू विहिरीवर. बाकीचे तुरीत, वर-खाली दोन ओळी करून एकमेकाच्या हाकेवर उभे राहा. जे समजलं ते शेजाऱ्याले सांगा, त्यानं जसंच्या तसं पुढं!"

तुरीतून निरोप सरकू लागले. "विहिरीत नाही!" "विहिरीत नाही!" मचाणापर्यंत तो निरोप पोचला तेव्हा कुठे साऱ्यांनी श्वास सोडला. मधली कडी मी. तेवढ्यात मला लेंड्या दिसल्या. झालं! गुप्तहेराच्या ऐटीत मी जागा सोडली, माग काढत काढत निघालो, आणि थेट ताईच्या गोठ्यात पोचलो.

तिकडे सालदाराला, म्हणजे साडूंच्या सालगड्याला, वावराच्या कडेला धुऱ्यावर चिमी सापडली, पिल्लाला कवेत घेऊन गाढ झोपलेली. "सापडली!" ही आरोळी मला गोठ्यात ऐकू आली.

मी परतलो तेव्हा ती मचाणावर आजोबांच्या मांडीवर झोपलेली होती. मी मान खाली घालून म्हणालो, "माझी जागा रिकामी राह्यली."

"तेच तं!" साडू मचाणावर उभेच राहायचे बाकी होते. "तुमी गायब, तरी निरोप अटकला काय? वरच्या ओळीतून फिरून आला! क्रिकेटवाले, आता समजलं काय मी काय सांगून राह्यलो होतो?" माझ्या गैरहजेरीचा एवढा सत्कार आयुष्यात झाला नव्हता. सालदाराने खालून कडक सलाम ठोकला. ताई डोळे पुसत हसत होती.

सारे घराकडे निघाले, तरी साडू उतरेनात, म्हणून मीच वर चढलो. नातीच्या केसांतली तुरीची फुलं वेचत हळूच म्हणाले, "साडूभाऊ, उमर गेली निरोप पोचवण्यात. तो कोणाले पोचला, त्याचं पुढं काय झालं, कधी कयलंच नाही."

चिमीने झोपेतच त्यांची मिशी मुठीत धरली. त्यांनी ती सोडवली नाही.